चार दिवसांसाठी तीन महिने

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑफिसात विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, यंदा चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसून तिघांनी विचारलं: "गोव्यातल्या गोव्यात चार दिवस सायकल चालवायची, त्याला तीन महिन्यांची तयारी कशाला? सुट्टी आहे की परीक्षा?" आतापर्यंत मी "असंच, सवय" म्हणून विषय बदलत आलो. ते उत्तर खरं नव्हतं.

आधी "गोव्यातल्या गोव्यात" याबद्दल. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, गाडीने अर्ध्या दिवसात या टोकाहून त्या टोकाला जाता येतं, हे मलाही माहीत आहे. पण ते माप डांबरी रस्त्याचं. सत्तरी तालुक्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढू लागलात की खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, आणि ते पाणी दिसतं त्याच उतारावर अशा वाटा आहेत जिथे चार किलोमीटरला दीड तास लागतो. वाटेत जांभ्याची पायरी, त्यावर पावसाळ्यातलं शेवाळ. शेवाळ संपलं की मुरमाची बारीक खडी, आणि खडीवर काजूचा पाला, त्यामुळे खाली खडी आहे हेच कळत नाही. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीत शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत मी तारखा पक्क्या करत नाही, यावरूनही बोलणी खाल्ली आहेत.

दुसरी गोष्ट उकाड्याची. पुण्याहून येणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांनी आमच्यापेक्षा जास्त तापमान पाहिलेलं असतं. पण आपल्याकडे ऑक्टोबरात घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रात्रीच्या गाडीने मडगावला उतरून सकाळी घाट चढायला निघालेला माणूस दुपारी ओकाऱ्या काढत बसलेला मी पाहिलाय. म्हणून मी शेवटचे तीन आठवडे मुद्दाम दुपारी दोनला बाहेर पडतो. सकाळी पेज आणि मिठातली कैरी, पाठीवर तीन लिटर पाणी, खिशात ओआरएस. सुट्टीत लागोपाठ चार दिवस सायकलवर बसायचं असतं म्हणून शनिवार-रविवार दोन्ही दिवस, पाठीवर खऱ्या वजनाची पिशवी घेऊन. रविवारी पाय उचलत नाहीत, आणि नेमकं तेच आधी कळायला हवं असतं.

पण तुम्हाला हे सगळं एक वेळ पटतं. पटत नाही ते माझं सायकल उलटी टांगून, टॉर्च घेऊन ब्रेकच्या फटीत डोकावणं. त्यावरून माझी चेष्टा होते. तर ते सांगतो.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये धाकटा मेहुणा आमच्याकडे चार दिवसांसाठी आला होता. ठाण्याला नोकरी, आठवड्यातून दोनदा सायकल चालवायचा, धडधाकट. त्याच्याकडे डोंगरात चालेल अशी सायकल नव्हती म्हणून मी माझी जुनी दिली. तो पूर्ण पावसाळा मी ती चिखलात चालवली होती. तो येण्याआधी मी ती धुतली, साखळीला तेल घातलं, टायरमध्ये नवं सीलंट भरलं. सायकल चकाचक दिसत होती. चाक काढून ब्रेकचे पॅड मात्र पाहिले नाहीत. आपला लाल चिखल म्हणजे पाण्यात कालवलेला सँडपेपर. सुक्यात वर्षभर जाणारे साधे रेझिनचे पॅड तो एका पावसाळ्यात संपवतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. हे ऐकीव ज्ञान नव्हतं, माझ्या स्वतःच्या सायकलीवर मी ते बदलले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, धुकं होतं. वरच्या सड्यावरून आम्ही काजूच्या भाटातून, म्हणजे बागेतून, खाली निघालो. पहिल्याच उतारावर तो म्हणाला, "भावोजी, मागचा ब्रेक ओरडतोय." मी मागे वळूनही न पाहता म्हणालो, "ओल्यात ओरडतातच." 

हे वाक्य खोटं नाही. ओला डिस्कब्रेक ओरडतो. पण तो शिट्टीसारखा ओरडतो आणि दोन-चारदा दाबला की गप्प होतो. संपलेला पॅड खरवडतो, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, आणि गप्प होत नाही. मी पाच मिनिटं थांबलो असतो आणि एकदा तो आवाज ऐकला असता तर मला कळलं असतं. मी थांबलो नाही कारण उतार छान होता.

पुढच्या वळणाला मागच्या ब्रेकची लिव्हर थेट हँडलच्या दांड्याला टेकली. त्याने घाबरून पुढचा ब्रेक आवळला, पुढचं चाक पाल्याखालच्या खडीवर निसटलं आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. मी वळून वर पोचलो तेव्हा तो उठून बसला होता आणि उजवा हात गळ्याशी धरून होता. गळ्याच्या खालचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं.

माझ्या पिशवीत पंप होता, साखळीची कडी होती, गिअरचा जादा हँगर होता. पट्टी नव्हती. जादा ट्यूब होती, तिनेच त्याचा हात गळ्यात बांधला. फोनला रेंज नव्हती. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण तिला बोलवायला फोन लागावा लागतो. आम्ही कुठल्या वाटेने गेलोय हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. बायकोला मी "संध्याकाळपर्यंत येतो" एवढंच सांगितलं होतं.

त्याला चालता येईना, उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. मग मी त्याला एका काजूच्या झाडाला टेकवून बसवलं, माझं पाणी त्याच्याजवळ ठेवलं आणि खाली धावत गेलो. बरोबर केलं का? डोक्याला मार नव्हता हे मला कसं माहीत होतं? माहीत नव्हतं. मी त्याला तसाच सोडून गेलो. खाली गवत कापणारा एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, "हांगा फोन लागना, बाब," आणि कोयता खाली ठेवून माझ्याबरोबर चढायला लागला. त्याने पुतण्याला हाक मारली, पुतण्याची पिकअप होती. मेहुण्याजवळ पोचायला पन्नास मिनिटं गेली. तो मला पाहून रडला. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही वाट चुकलात." 

हाड नीट जुळलं. सहा आठवडे हात झोळीत होता. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याही नंतर कधी त्या दिवसाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि ते मला जड जातं.

तेव्हापासून प्रत्येक सायकलचं चाक निघतं, उसनी असेल तर आधी तिचं. पॅडवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड कचऱ्यात. बदललेले पॅड आधी सपाट रस्त्यावर वीस-तीसदा दाबून बसवायचे, थेट डोंगरात न्यायचे नाहीत. वाटेचा कागद, वेळांसकट, घरी फ्रिजवर. पिशवीत तिकोनी पट्टी. गोचीड काढायचा चिमटाही असतो, कारण गेल्या काही वर्षांत सत्तरीत माकडताप आलाय आणि तो गोचिडीतून पसरतो; संध्याकाळी गुडघ्यांच्या मागे, काखेत बघायचं. तिघांपेक्षा कमी माणसं असतील तर निघायचं नाही: एक पडला तर एक त्याच्याजवळ बसेल आणि एक धावेल.

आता तुमची बाजू, कारण ती अगदीच चुकीची नाही. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी सांगितलं की बाबांबरोबर जायचं म्हणजे महिनाभर तक्ते पाहायचे, मी मित्रांबरोबर जाईन. तो गेला, मजेत परत आला, काही झालं नाही. आणि मेहुणा मागच्या दिवाळीत म्हणाला, "भावोजी, त्या दिवसाची शिक्षा तुम्ही सगळ्यांना देताय." मला राग आला. मग रात्री विचार केला तेव्हा वाटलं, पाच मिनिटांची गोष्ट होती. एक चाक काढायचं होतं. त्यावर मी तीन महिने रचलेत. दुपारी दोनचं ऊन, तक्ते, कागद, यातलं काहीही त्या दिवशी त्याचं हाड वाचवू शकलं नसतं. 

तरी मी ते सोडणार नाही. ऊन खरं आहे, गोचीड खरी आहे, रेंज आजही पुष्कळ ठिकाणी नाही. २०१७ चा मी म्हणेल की माणसाने सुट्टीत जरा सैल असावं, आणि त्याचंही बरोबर आहे. तो माझ्यापेक्षा जास्त हसायचा. त्याच्याशी मी अजून भांडतो, बहुतेक वेळा घाट चढताना, आणि कुणी जिंकत नाही.

यंदा चवथीनंतर मेहुण्याचा फोन आला होता. नोव्हेंबरमध्ये यायचं म्हणतोय, तीच जुनी सायकल द्या म्हणतोय. मी "कळवतो" म्हणालो. सायकल व्हरांड्यात टांगलेली आहे. पॅड नवे घातलेत, काल रस्त्यावर नेऊन बसवले. पुढचा ब्रेक ओल्यात अजून ओरडतो. मी थांबून ऐकलं, शिट्टीच होती. तरी चाक काढून पाहिलं.