प्लास्टिकखालचा गालिचा

नवरात्र संपता संपता जुळे सोलापुरातून एका वहिनींचा फोन आला. "दादा, जेवणाच्या टेबलाखालून वास यायलाय. फिनेल टाकून पुसलं, धूप घातला, जाईना बगा." घर ओळखीचं होतं. आदल्या दिवाळीत त्यांचा गालिचा मीच धुऊन दिला होता. परत अंथरताना वर जाड पारदर्शक प्लास्टिक टाकायलाही मीच सांगितलं होतं. थोरला तेव्हा तीन वर्षांचा आणि धाकटी वरणभाताला नुकती लागलेली. "लेकरं सांडणारच, प्लास्टिक टाका आणि निवांत राहा," हे माझे शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सागवानी टेबल आम्ही चौघांनी उचलून बाजूला ठेवलं. वर्षभरात ते एकदाही हललं नव्हतं. प्लास्टिकचा कोपरा धरून ओढला तर ते सहज सुटेना, ओल्या कपड्यासारखं चिकटून बसलेलं. निघालं तेव्हा खोलीभर आंबट-कुबट वास पसरला. धाकटीची उंच खुर्ची ज्या बाजूला असायची, तिथली लोकर काळपट, चिकट झालेली, आणि वर पांढरी बुरशी. कडेला बोट लावलं तर आतलं सूत पिठासारखं सुटलं.

आजी दारात उभ्या होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, त्यांनी हा गालिचा मिर्झापूरहून आणला होता. आजी मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या खाली बसल्या, त्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वरून तर किती छान दिसत होता की."

वरून छान दिसत होता, हाच घात झाला. या धंद्यात येण्याआधी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात, रंगखात्यात काम केलंय. ओला माल गुंडाळून ठेवला की काय होतं हे मला शिकवावं लागू नये. तरी मी एका चांगल्या गालिच्यावर झाकण ठेवायला सांगितलं. दूध सांडलं की प्लास्टिकवरचं पुसलं जायचं, पण कडेवरून ओघळलेलं खाली शिरायचं. त्याहून मोठं कारण रोजची लादी. पोछ्याचं पाणी रोज कडेनं आत जायचं. त्यात पावसाळ्याची दमट हवा. वरून वाट बंद, खाली फरशी. वाळायला जागाच नाही. लोकर पुष्कळ सोसते, पण हातगालिच्याचा ताणा-बाणा बहुतेक सुताचा असतो, आणि ओलं सूत आतून कुजतं. म्हणून वरची नक्षी शाबूत आणि खालचा पाया गेलेला.

गालिचा गुंडाळून घरी आणला. बुरशी घरात झटकायची नाही, धूळ लेकरांच्या नाकात जाते. तोंडाला फडकं बांधून गच्चीवर दोन बाजांवर पसरला, आधी कोरडा होऊ दिला, मग पाठीकडून हलक्या हातानं बडवला. भाताची शितं, शेंगाचटणीचा चुरा, एक छोटी चमचीसुद्धा निघाली.

मग रंगाची परीक्षा. पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर दाबून धरायचं. लाल थोडा सुटला, म्हणून तिथं पाणी कमी. दूध-दह्याच्या डागाला थंडच पाणी, गरम पाण्यानं दूध धाग्यात घट्ट बसतं. साधी धुण्याची पावडर लोकरीला नको. तिच्यात डाग खाणारे जे घटक असतात ते दुधातली प्रथिनं खातात, आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच. ब्लीचचं तर नावच घ्यायचं नाही, क्लोरीननं लोकर विरघळते. लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड वापरलं, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. आमच्या भागात पाणी रोज येत नाही, दोन दिवसांचं साठवलेलं या एका गालिच्याला गेलं. बायको काही बोलली नाही, तिनं बादल्या भरून दिल्या.

हळदीचे डाग शेवटी राहिले. वरणाच्या पिवळ्या डागावर साबण पडला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात दिसतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. तो लालपणा बघून माणसं घाबरून आणखी घासतात आणि धागा पिंजतो. घासायचं नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. बाकीचा गालिचा जुन्या चादरींनी झाकला, फक्त डागांच्या जागा उघड्या ठेवल्या. ऑक्टोबरचं आपलं ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी जवळजवळ सगळे डाग गेले होते.

कुजलेला कोपरा मात्र परत आला नाही. वीतभर भाग कापून तिथं नवीन काठ शिवून घ्यावा लागला. मजुरी मी घेतली नाही, शिवणकाम करणाऱ्याचे पैसे मीच दिले.

परत अंथरायच्या आधी वहिनींना स्पष्ट सांगितलं, की धाकटी चार वर्षांची होईपर्यंत गालिचा बैठकीत हलवा, टेबलाखाली उघडी फरशी बरी. आजींचं म्हणणं वेगळं. "लेकरांनी आजोबांच्या गालिच्यावरच जेवायचं. गुंडाळून ठेवायला आणला नव्हता." त्यांच्या शब्दाला मान देऊन दुसरी सोय केली. अख्ख्या टेबलाखाली काहीच नको. सांडतं ते लेकराच्या खुर्चीभोवती, तिथंच साधारण पाच फूट बाय पाच फूट. खाली कापडी पाठीचं मेणकापड, त्यावर आपला सोलापुरी जाड टेरी टॉवेल, दोन जोडून शिवलेले. टॉवेलच्या फाशांमध्ये दूध लगेच शोषलं जातं, ओघळून कडेला जात नाही. खुर्चीचे चारही पाय टॉवेलवरच यायला हवेत, अर्धे आत अर्धे बाहेर राहिले तर खुर्ची डुलते आणि लेकरू पडतं.

आणि जेवण झालं की दोन्ही उचलायचं. टॉवेल चार टोकं धरून गॅलरीत झटकून धुण्यात, मेणकापड पुसून दोरीवर. हे मी तीनदा सांगितलं. वर्षभर अंथरून ठेवलेलं मेणकापडही प्लास्टिकच आहे. लादी पुसताना गालिच्याची कड दुमडून घ्यायची, महिन्यातून एकदा पाठ उलटून बघायची.

परवा गेलो होतो. कोपरा उचलून हात फिरवला, कोरडा होता. थोरला टॉवेलची दोन टोकं धरून आजीबरोबर झटकत होता.

त्या रात्री जुन्या डायऱ्या काढल्या. प्लास्टिक टाकायला कुणाकुणाला सांगितलं ते शोधलं. अकरा घरं निघाली. एकेकाला फोन लावला, माझी चूक झाली म्हणून सांगितलं, आज टेबल हलवून बघा म्हटलं. दोघांचा फोन लागला नाही. आठ जणांनी काढून टाकलं, त्यातल्या एकीच्या गालिच्याला नुकती बुरशी धरत होती, वाचला. विजापूर रोडच्या एका घरी म्हातारे दोघंच आहेत, नातवंडं सुट्टीत येतात, त्यांना टेबल हलत नाही. तिथं उद्या सकाळी भाच्याला घेऊन जातोय.