चादर मोहीम, नोंद ५ : ४१२ क्लिक कुठे गेले ते सापडलं

सापडलं! मामांच्या कारखान्यातल्या सोलापुरी चादरी विकायला मी गूगल सर्चवर जाहिराती चालवतोय. अकरा दिवस, ४१२ क्लिक आणि फक्त दोन ऑर्डर, हे कोडं मागच्या नोंदीत तसंच टाकून गेलो होतो. ते सुटलं सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत उभं असताना. सुटून दोन आठवडे होत आले, पण दुरुस्तीनंतरचे आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता आलेत.

आधी हिशेब. खात्यात २,००० रुपये भरले की १८ टक्के जीएसटी वजा होऊन जाहिरातीला उरतात साधारण १,६९५. बजेट ठरवताना हे धरत जा, पहिल्या महिन्यात मी धरलं नव्हतं. रोजचे दीडशे, अकरा दिवसांत १,६४८ रुपये गेले, क्लिकला चार रुपये पडले. सीटीआर, म्हणजे जाहिरात दिसलेल्यांपैकी क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण, नऊ टक्के. नऊ! हा आकडा बघून मी पहिले चार दिवस हवेतच होतो. एवढ्या लोकांना जाहिरात आवडते म्हणजे चूक क्लिकनंतर उघडणाऱ्या विक्रीच्या पेजमध्येच असणार, असं गृहीत धरलं आणि तिथेच सगळे दिवस घालवले.

पेजवर काय काय केलं ते थोडक्यात. मामांच्या कारखान्यात काढलेले फोटो एकेक चार-चार एमबीचे होते, ते वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये आणून दोनशे केबीच्या आत बसवले. पेज किती वेगानं उघडतं ते मोजणाऱ्या पेजस्पीडचा मोबाइल स्कोअर ३८ वरून ८१ वर गेला. तो हिरव्याच्या उंबरठ्यावर आलेला गोल मी आईला नेऊन दाखवला. व्हॉट्सॲपचं बटण वर घेतलं. मामांची समजूत काढून किंमत चाळीस रुपयांनी उतरवली. नवी ऑर्डर शून्य.

मग पेजवर मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी लावलं. फुकट आहे, आणि माझ्या मते शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी लावावं असं हे एकच साधन. आलेला माणूस पेजवर कुठं थांबला, कुठं बोट फिरवलं, कुठून निघून गेला याचं रेकॉर्डिंग दिसतं. एका रात्रीत साठ-सत्तर रेकॉर्डिंग बघितली. बहुतेकांची चाल एकच : वरचा फोटो दिसायच्या आत खाली सरकायचं, मापाच्या तक्त्याशी थांबायचं आणि गायब. मला वाटलं, इंचातली मापं कळत नसतील. ६० बाय ९० इंचाचं ५ बाय साडेसात फूट केलं. दुसऱ्या दिवशी लोक तक्त्याशी जास्त वेळ थांबायला लागले! मी खूश. पण ऑर्डर तरीही नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली ते सांगणारा सर्च टर्म रिपोर्ट मी बघत नव्हतो असं नाही. रोज बघत होतो. त्यात १९ क्लिक 'चादर ट्रेक'चे निघाले. जानेवारीत लडाखमधली झंस्कार नदी गोठते, त्या बर्फावरून चालायच्या मोहिमेला चादर ट्रेक म्हणतात आणि तिचा हंगाम आपल्या थंडीच्या हंगामातच पडतो. ट्रेक, लडाख, झंस्कार हे तिन्ही शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्या शब्दांना जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकले आणि वाटलं, झालं काम. बाकी दिसणारे शब्द ठीकच होते. चुकलो ते इथेच. रिपोर्टमध्ये सगळे शब्द दिसत नाहीत. थोड्याच लोकांनी शोधलेले शब्द लपवले जातात आणि त्यांची सगळी बेरीज तळाशी 'इतर' म्हणून येते. माझ्या ४१२ पैकी नावानिशी दिसत होते १७१. उरलेले २४१ त्या एका ओळीत होते, आणि त्या ओळीकडे मी अकरा दिवस नीट बघितलंच नाही.

आता होम मैदान. नंदीध्वजांची मिरवणूक बघून आम्ही मैदानात शिरलो होतो, बरोबर मामा, मामी, धाकटी बहीण. फोन वाजला. जाहिरातीतून आलेल्या माणसाचा व्हॉट्सॲप मेसेज, कारण सुरुवातीला मी घातलेला कोड होता. (प्रत्येक ॲड ग्रुपच्या, म्हणजे जाहिरातींच्या गटाच्या, लिंकमध्ये आधीच टाइप केलेला मजकूर वेगळा ठेवतो. हिंदी ग्रुपचा 'एचडी २' असा आहे. माणूस नुसतं पाठवा दाबतो आणि कुठून आला ते कळतं.) मेसेज असा : 'भैया, कितने गेज की है? बारह फुट में मिलेगी?'

मी मामांना विचारलं, "मामा, चादरीला गेज असतो का?"

मामा फोन हातात घेऊन दोनदा वाचले. "चादरीला सुताचा काउंट विचारतात, वजन विचारतात. गेज कोण विचारतंय? अरे, हा पत्रा मागतोय की बे!"

पत्रा. गेज म्हणजे त्याची जाडी. हिंदीत लोखंडी पत्र्यालाही चादर म्हणतात, टीन की चादर, लोहे की चादर. आणि छपराला वापरतात त्या जस्त चढवलेल्या पत्र्याला सगळा बाजार म्हणतो जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न. माझ्या हिंदी ग्रुपचा मुख्य कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दाखवायची तो शब्द, होता 'जीआय टॅग चादर', तोही ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दिसणार. हेडलाइन होती 'जीआय चादर, सीधे फैक्टरी से'. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग, मिळालं, आपल्या टेरी टॉवेलला पण मिळालं, या अभिमानानं मी तो शब्द सगळ्यात पुढे बसवला होता. आता पत्रा शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी ती ओळ वाचून बघा. जीआय, चादर, थेट कारखान्यातून. त्याला हवं ते सगळं एका ओळीत. सर्चच्या जाहिरातीत फोटो नव्हता, त्यामुळे कापड आहे हे कळायला वावच नव्हता. नऊ टक्के सीटीआर तिथून आला. आणि फुटातली मापं दिली तेव्हा लोक तक्त्याशी का थांबले तेही कळलं : पत्रा फुटातच विकला जातो.

घरी येऊन ॲड प्रिव्ह्यू टूलमध्ये 'जीआय चादर' टाकून खात्री केली. माझी जाहिरात दोन पत्रेवाल्यांच्या मधोमध उभी होती. (स्वतःची जाहिरात साध्या सर्चमध्ये शोधत बसू नका, फुकटची इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, वाढतात आणि सीटीआर पडतो. प्रिव्ह्यूच वापरा.) बिडिंग, म्हणजे क्लिकसाठी बोली लावायची पद्धत, 'मॅक्सिमाइझ क्लिक्स'वर असल्यानं यंत्रणेनं मी सांगितलं तेच केलं, जिथे क्लिक भरपूर मिळतात तिथे पैसे नेऊन ओतले.

त्याच रात्री मानांकनाबद्दल नीट वाचलं आणि आणखी एक गोष्ट कळली, जी सोलापूर, पैठण, कोल्हापूर कुठलाही माल विकणाऱ्यानं वाचायला हवी. मालाला मानांकन मिळालं म्हणजे गावातल्या कुणीही ते आपल्या मालावर लावावं असं नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे उत्पादकानं स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. मामांची नाही. म्हणजे पत्र्याचा घोळ झाला नसता तरी तो शब्द जाहिरातीत असायला नको होता. रातोरात हेडलाइनमधून, पेजवरून, फोटोवरच्या पट्टीतून, सगळीकडून काढला. मामांना नोंदणीचे कागद काढून दिलेत. आठ माग चालवणाऱ्या माणसानं हे करायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि मी त्यांच्या मागे लागणार आहे.

मग निगेटिव्ह. इथे दुसरा फटका बसला. उत्साहात मी पत्रा, टीन, लोहा, रूफिंग, गेज, शीट असे सगळे शब्द ब्रॉड निगेटिव्ह (शोधात कुठेही आले की अडणारे) म्हणून टाकले, देवनागरी आणि रोमन दोन्हींत. दोन दिवस इम्प्रेशन जवळजवळ बंद. कारण 'शीट'. बेडशीट जोडून लिहिलं तर एक शब्द, तो अडत नाही. पण रोमनमध्ये निम्मे लोक बेड आणि शीट तोडून लिहितात. म्हणजे 'सोलापूर बेड शीट' शोधणारा माझा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक मीच दारातून परत पाठवत होतो. एकटं शीट काढलं आणि 'जीआय शीट', 'टीन शीट', 'रूफिंग शीट' असे फ्रेज निगेटिव्ह (दोन्ही शब्द त्याच क्रमानं आले तरच अडणारे) केले. आणखी एक : निगेटिव्ह शब्द स्वतःहून अनेकवचन किंवा समानार्थी शब्द ओळखत नाही. पत्रा टाकला की पत्रे अडले असं समजू नका, पत्रा, पत्रे, पत्र्याचा, सगळं वेगळं टाका. माझी यादी आता ६४ शब्दांची आहे. त्यात मजारही आहे, कारण तिथे चढवायची चादर शोधणारेही येत होते.

कीवर्ड ब्रॉडवरून फ्रेजवर आणले, म्हणजे शोधात तोच अर्थ असेल तरच जाहिरात दिसेल. हिंदी हेडलाइन 'ओढ़ने की सूती चादर', मराठी 'अंगावर घ्यायची सोलापुरी चादर'. ती मराठी ओळ हेडलाइनच्या तीस अक्षरांच्या मर्यादेत जेमतेम बसली, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. क्लिकला कमाल आठ रुपयांची मर्यादा घातली.

नऊ दिवसांचे आकडे : ११८ क्लिक, सरासरी सहा रुपये, खर्च ७०८, ऑर्डर पाच. पुणे दोन, नाशिक, लातूर आणि इंदूर. सीटीआर साडेचार टक्क्यांवर उतरलाय आणि मला त्याचा आनंद आहे. इंदूरची ऑर्डर हिंदी ग्रुपमधून आली, त्याच ग्रुपमधून ज्यानं सगळे पैसे खाल्ले होते. त्या काकूंनी दोन डबल चादरी मागवल्या, एक मोराची नक्षी आणि एक साधी चौकडी, आणि पोचल्यावर अंगावर घेतलेला फोटो पाठवला. तो मामांनी कारखान्यात जेकार्ड मागाच्या खांबाला चिकटवलाय.

कुरिअरबद्दल थोडं. खासगीवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे सेंमीत लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,०००. ३८ बाय ३० बाय १२ सेंमीचं खोकं त्यांच्या हिशेबानं २.७ किलो होतं, आत चादर दीड किलोची असली तरी. खोकं सोडून जाड पिशवीत घट्ट घडी घालून पाठवायला लागल्यापासून पार्सलमागे बरेच पैसे वाचतात.

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो त्याचा अंदाज देणाऱ्या कीवर्ड प्लॅनरवर माझा भरवसा पहिल्यापासून कमी होता, आता आणखी कमी झाला. कमी खर्चाच्या खात्याला तो 'हजार ते दहा हजार' असा ढोबळ आकडा देतो, आणि त्या हजारांत चादर ओढणारे किती, छपरावर ठोकणारे किती हे सांगत नाही. त्याऐवजी मी आता कीवर्ड घेण्याआधी तो शब्द सर्चमध्ये टाकून चित्रांचा टॅब बघतो. 'चादर' टाकलं की पहिल्या दोन ओळींत कापड, लोखंड, बर्फ सगळं समोर येतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पुढचा बेत इन्स्टाग्राम रीलचा होता, मागच्या नोंदीत तसं लिहिलंही होतं. पण हे वरचं लिहीत बसलो असताना आजीनं आतून हाक मारली, थंडी वाजते, दुप्पटी दे म्हणून. आमच्या घरात, सोलापूरच्या निम्म्या पूर्व भागासारखंच, आजीच्या पिढीचं बोलणं अजून तेलुगूतच चालतं आणि चादरीला ती दुप्पटीच म्हणते. हा शब्द मी रोज ऐकतो आणि माझ्या एकाही ॲड ग्रुपमध्ये नाही! हैदराबाद इथून एका रात्रीच्या गाडीवर आहे. आपले किती नातेवाईक तिकडे आहेत.

लगेच चित्रांचा टॅब बघितला. तेलुगू लिपीत दुप्पटी टाकलं की पांघरुणं येतात, बेडशीट येतात, पत्रा एकही नाही. रील पुढे ढकलतोय. आज रात्री आजीला शेजारी बसवून तीन हेडलाइन करून घेणार आहे. मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही, आणि तिची शाळा तिसरीतच सुटली, त्यामुळे ती बोलणार, मी फोनवर बोलून टाइप करणार आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर शुद्धलेखन तपासणार असं ठरलंय. फक्त हैदराबाद आणि वरंगळ, रोजचे पन्नास रुपये, फ्रेज मॅच. लोकेशनमध्ये 'तिथे असलेले' एवढंच ठेवलंय, 'रस असलेले' काढलेत. 'दुप्पटी' आणि 'दुप्पट्टा' यांची गल्लत होईल अशी बहिणीची शंका आहे, म्हणून ओढणीचे शब्द आधीच निगेटिव्हमध्ये घातलेत.

पहिल्या आठवड्यानंतर 'इतर'च्या ओळीतले क्लिक किती, ते आधी बघून मगच लिहीन.