सापाची लस मधमाशीला चालत नाही

जत्रेच्या दिवशी दुपारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक जीप भरून माणसे आली. देवळामागच्या वडावरचे आग्या मोहोळ चुलीच्या धुराने उठले होते. बाकीच्यांना आठ-दहा ठिकाणी दंश झाले होते. पण सत्तरीच्या एका आजोबांना पळता आले नव्हते, आणि त्यांच्या टाळूवर, मानेवर, कानांच्या पाळ्यांत, पापण्यांवरही नांग्या इतक्या दाट रुतल्या होत्या की सिस्टरने त्या खरवडून ट्रेमध्ये काढताना तीनशेच्या पुढे मोजणे सोडून दिले.

रक्तदाब घसरला होता. मांडीत ॲड्रिनॅलिन दिल्यावर तो सावरला. तासाभरात आजोबा चहा मागू लागले आणि घरच्यांनी निघायची घाई केली, पण मी सोडले नाही. ॲलर्जी एका दंशानेही जीव घेते आणि ती औषधाने आटोक्यात येते. शेकडो दंशांत मात्र ॲलर्जी टळली तरी विष अंगात उरतेच. त्याचा जवळपास निम्मा भाग असलेले मेलिटिन तांबड्या पेशी आणि स्नायू फोडते, आणि त्यातून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करतात. रात्री लघवीच्या पिशवीत कोकमाच्या आगळासारखा रंग उतरला. सलाइन वाढवून, डायलिसिसची सोय असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांना रवाना केले.

निघताना मुलगा म्हणाला, “साहेब, सापाची लस आहे ना तुमच्याकडे? तीच द्या की.”

त्याचे म्हणणे रास्त होते. ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरची. मधमाशीच्या विषावर ती काहीच करत नाही, हे सांगताना मला फार जड गेले, कारण अशी लस अशक्य नाही हे मला ठाऊक होते. ब्राझीलमध्ये १९५७ साली निसटलेल्या आफ्रिकी मधमाश्यांचा संकर सगळीकडे पसरला. तिथल्या बोटुकाटूच्या संशोधकांनी घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केले, २० रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. दंश किती, यावर त्यात २ ते १० कुप्या ठरतात. म्हणून नांग्या मोजण्याला मी आता फार महत्त्व देतो. मेलिटिन अवघ्या २६ अमिनो आम्लांचे असल्याने घोड्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे सहज तयार होत नाहीत, ही त्या कामातली मोठी अडचण.

आजोबांची मूत्रपिंडे डायलिसिसच्या आधाराने पूर्ववत झाली. आपली आग्या माशी ब्राझीलच्या माशीहून वेगळ्या जातीची आहे, तेव्हा तिथले प्रतिविष इथे कितपत लागू पडेल हे आग्या माशीचेच विष गोळा करून तपासावे लागेल. मुंबईच्या हाफकिनमध्ये साप आणि विंचू या दोहोंवरची लस घोड्यांपासूनच तयार झाली आहे; हे कामही आपल्याकडे व्हावे, असे मला मनापासून वाटते.