स्ट्रेस कमी करायला कुत्रं आणलं

गेल्या वर्षी राज्यसेवेची प्रिलिम दुसऱ्यांदा गेली आणि मी पेठेतली रूम सोडून कात्रजला ताईकडे आलो. रात्र रात्र झोप नाही, उगाच छातीत धडधड. त्यात कुठेतरी वाचलं की अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ स्टुडंट्सवर प्रयोग झाला, २०१९ ला छापून आला, नुसतं १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं तरी लाळेतलं कॉर्टिसॉल (स्ट्रेसचं हार्मोन) कमी झालं. झालं, पार्किंगमधलं दीड-दोन महिन्यांचं गावठी पिल्लू उचलून आणलं. नाव बटाटा.

त्या पोरांना १० मिनिटांनी उठून घरी जाता येत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिला महिना म्हणजे नुसता वैताग. चौथ्या रात्री दोन वाजता त्याला जुलाब सुरू झाले, मी मोबाईलवर पार्व्हो पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा व्हायरस) वाचत सकाळपर्यंत बसलो, ताई म्हणाली अरे आता तुलाच डॉक्टरकडे न्यायला लागेल. टेस्ट निगेटिव्ह आली, जंत निघाले. मग जंताचं औषध, डीएचपीपीचा (पार्व्होसकट काही रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजचं इंजेक्शन, आणि तोपर्यंत बाहेर न्यायचं नाही म्हणून सगळं शी-शू हॉलमधे.

नंतर सोसायटी. सेक्रेटरीकाका म्हणाले, मीटिंगमधे ठराव झालाय, कुत्रं चालणार नाही. भांडलो नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं सर्क्युलर प्रिंट काढून नेलं, त्यात बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही असं स्पष्ट आहे, लिफ्टमधून न्यायलाही मनाई करता येत नाही असं आहे. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, म्हणाले, "बरं, पण घाण तूच उचलायची." हे मात्र बरोबरच होतं.

मला फरक कुरवाळण्याने पडला असं काही वाटत नाही. सहा वाजले की तो तोंड चाटून उठवतो, मग खाली जावंच लागतं, त्यामुळे रात्री अकरालाच डोळे मिटायला लागले. आणि खाली लोक बोलतात हो, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी "निकाल काय लागला" सोडून "याला खायला काय देता" असं विचारलं (भात आणि उकडलेलं चिकन, कांदा अजिबात नाही). धडधड गेली नाहीये, फॉर्म भरायच्या दिवशी परत झालीच.

परवा बटाट्याने पॉलिटीच्या नोट्समधली राज्यपालांची पानं खाल्ली. तो टॉपिक आता परत लिहून काढतोय.