पॅरोलवर सुटला म्हणजे सुटला का?

पॅरोलवर आलेला कैदी सुटला का, आणि बाहेर त्याच्यावर नजर कोण ठेवतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने मी कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात शिक्षा झालेल्या बंद्यांचे रजेचे अर्ज लिहून देते. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "आमच्या गावातला अमका, जन्मठेप लागलेला, परवा जत्रेत दिसला. तो सुटला कसा? आणि बाहेर आलाच आहे, तर पळून का जात नाही?"

तो सुटलेला नसतो, रजेवर आलेला असतो. परदेशात राहणारे नातेवाईक इथे हमखास गोंधळतात, कारण अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर काढणं. आपल्याकडे पॅरोल म्हणजे ठरावीक दिवसांसाठी घरी जाणं आणि परत येणं. महाराष्ट्रात हे सगळं १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांवर चालतं. रजा दोन प्रकारच्या असतात. फर्लो ही ठरावीक शिक्षा भोगून झाल्यावर, वागणूक चांगली असेल तर मिळते. तिला कारण दाखवावं लागत नाही. ती कारागृह उपमहानिरीक्षक मंजूर करतात आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला मात्र कारण लागतं. घरात मयत किंवा मुलाचं, भावंडाचं लग्न असेल तर तातडीचा पॅरोल चौदा दिवसांचा. आईवडील, नवरा-बायको, मुलं यांचं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात घर पडणं अशा कारणांसाठी नियमित पॅरोल. तो साधारण पंचेचाळीस दिवसांचा असतो आणि विभागीय आयुक्तांकडून येतो. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, ते शेवटी पुन्हा भोगावे लागतात. गोव्यातल्या काही जन्मठेपेच्या कैद्यांनी हे दिवस मुदतपूर्व सुटकेसाठी भोगाव्या लागणाऱ्या चौदा वर्षांच्या हिशेबात धरा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने नकार दिला. वजनदार माणूस पुन्हा पुन्हा पॅरोल मिळवून तुरुंगाबाहेरच शिक्षा संपवेल, ही भीती त्या निकालामागे होती आणि ती मला पटते.

अर्ज केला की रजा मिळाली असं नाही. अर्ज आधी गावच्या पोलीस ठाण्यात जातो. हवालदार गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो आणि फिर्यादीच्या घरीही जातो. खुनाच्या खटल्यात फिर्यादीचं घर बहुतेक वेळा त्याच गल्लीत असतं. ज्या बाईचा नवरा गेला तिला "हा पंधरा दिवस इथे आला तर तुमची हरकत आहे का" असं विचारलं, तर ती काय सांगणार? तिच्या 'हो'चा मी कायम मान राखते. माणूस दुसऱ्या गावी, बहिणीकडे राहील असं अर्जात लिहिलं तर कधीकधी वाट निघते, आणि ती तशीच निघावी. पण पुष्कळ अहवालांत कोणाचाच जबाब नसतो. 'रजेवर सोडल्यास शांतताभंग होण्याची शक्यता' एवढी एक ओळ असते आणि त्या ओळीवर अर्ज नामंजूर होतो. मग अपील, नाहीतर उच्च न्यायालयात अर्ज. कारागृहातून साध्या कागदावर लिहून पाठवलेला अर्जही उच्च न्यायालय घेतं, हे पुष्कळ बंद्यांना माहीत नसतं. रजा हा हक्क नाही असं नियमातच लिहिलेलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते पुन्हा सांगितलं. पण हक्क नाही म्हणून विनाकारण नाकारता येते, असं नाही.

अहवाल अनुकूल आला तरी जामीनदार लागतो, आणि खरी अडचण इथे होते. बंद्याला वेळेवर हजर करीन असं लिहून देणारा कोणीतरी हवा. बहुतेक वेळा आई नाहीतर भाऊ उभा राहतो. ज्यांना कोणी नाही ते आतच राहतात, आणि यात बायका जास्त. नवऱ्याच्या खुनात शिक्षा झालेल्या बाईला सासर जामीन राहणार नाही हे उघड आहे. माहेरचे म्हणतात, भावाच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, आता नको. तिची वागणूक चांगली असते, पोलिसांचीही हरकत नसते, तरी एका सहीवाचून ती वर्षानुवर्षं बाहेरचं आकाश बघत नाही. अशा बाईला तिच्याच जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर सोडावं, असं मी दरवेळी अर्जात लिहिते. बहुतेक वेळा उपयोग होत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बाहेर आल्यावर नजर कोण ठेवतं? कागदावर पोलीस. आदेशात दिलेल्या पत्त्यावर राहायचं, सांगितलेल्या दिवशी ठाण्यात हजेरी लावायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. ठाण्यात माणसं अपुरी, त्यात बंदोबस्त. हजेरीची सही होते, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. खरी देखरेख घरचे करतात. सही आईची असते. मुलगा परत गेला नाही तर पोलीस तिच्या दारात येणार, पुढच्या वेळी कोणी जामीन राहणार नाही, धाकट्याच्या सोयरिकीवर परिणाम होणार. ती त्याला रात्री घराबाहेर पडू देत नाही. परतीच्या आदल्या दिवशी कपडे भरून ठेवते आणि पहाटेच्या एसटीत बसवून गेटपर्यंत सोबत येते. माणूस पळून का जात नाही, याचं मी पाहिलेलं उत्तर हे आहे. कायद्याचा धाक असतोच, पण पळून गेलो तर हे घर कायमचं गेलं, ही जाणीव जास्त जड असते.

काही पळतातही. २०१६ मध्ये नाशिक रोड कारागृहातून पॅरोलवर आलेला, मुंबईतल्या एका तरुण वकील मुलीच्या खुनात जन्मठेप झालेला कैदी परतलाच नाही. पुढच्या वर्षी तो काश्मीरमध्ये सापडला. त्या मुलीच्या आईवडिलांना काय वाटलं असेल याचा विचार करवत नाही. २०१६ मध्येच नियम कडक झाले. गंभीर गुन्ह्यांबाबत काळजी घ्यायलाच हवी. पण एका माणसाच्या फरारीची किंमत वेळेवर परतणाऱ्या बाकीच्यांनी का मोजावी?

उशीर झाला की काय होतं, हे नीट समजून घ्या. मुदतीनंतर हजर होणं हा कारागृहाच्या शिस्तीविरुद्धचा गुन्हा आहे. अनामत जप्त होऊ शकते. चांगल्या वागणुकीने, कामाने मिळवलेले, शिक्षेतून वजा होणारे माफीचे दिवस कापले जातात, तेही जेवढे दिवस उशीर त्याच्या कितीतरी पटीने. पुढची रजा धोक्यात येते. शिवाय पोलिसांत वेगळा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२४, आता भारतीय न्याय संहितेचं २६२. त्यात शिक्षा झाली तर ती वेगळी. एक आधार मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९७९ च्या सुनील बत्रा निकालानंतर कारागृहातल्या अशा शिक्षेवर न्यायाधीशांची नजर पडावी लागते. माफी कापण्याआधी नोटीस यायला हवी, बंद्याचं म्हणणं ऐकायला हवं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, नोटिशीवर नुसता अंगठा उठवू नका, कारण लिहा. आईला आयसीयूत ठेवलं होतं, घाट बंद होता, काय असेल ते. चार दिवस उशिरा स्वतःच्या पायाने आलेला आणि चार वर्षांनी पोलिसांनी धरून आणलेला, हे दोघं एका मापाने मोजले जाऊ नयेत एवढंच माझं म्हणणं आहे.

कोविडमध्ये हा प्रश्न फार मोठा झाला. ८ मे २०२० ला नियम बदलून कोविडपुरता वेगळा तातडीचा पॅरोल सुरू केला. आधी पंचेचाळीस दिवस, मग तीस-तीस दिवसांची आपोआप वाढ, महिन्यातून एकदा ठाण्यात हजेरी. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असेल तर आधीच्या दोन रजांहून वेळेवर परतलेला हवा, अशी अट होती. दोन वर्षं माणसं घरी राहिली. कोणी गवंडीकाम धरलं, कोणाला मूल झालं. मे २०२२ मध्ये परत या म्हणून आदेश निघाला. ज्यांना नोटीस वेळेवर मिळाली ते आले. ज्यांचा पत्ता बदलला होता, जे कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते, त्यांना पोलीस दारात आल्यावर कळलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोविडच्या पॅरोलचे दिवसही शिक्षेत धरायचे नाहीत. घरी काढलेली ती दोन वर्षं आता शेवटी पुन्हा आत काढायची आहेत. हे सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं मला अजून जमत नाही.

पुढे माणूस कुठे आहे ते कळवणारा, अंगावर घालायचा इलेक्ट्रॉनिक पट्टा येऊ शकतो. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात, पट्टा घालायला तयार असलेल्या बंद्याला रजा देण्याची तरतूद आहे. ज्या बाईला जामीनदार नाही तिला त्या पट्ट्याच्या भरवशावर सोडणार असतील, तर मी पहिली त्याच्या बाजूने उभी राहीन. जामीनदार आहे त्याच्याही पायात तो अडकवायचा असेल तर माझा विरोध आहे.

आणि तुमच्या घरचं कोणी आत्ता रजेवर असेल तर एवढं करा. सुटकेच्या आदेशावरची परतीची तारीख आजच वाचून घ्या. नियमित पॅरोल वाढवून मागायचा असेल तर अर्ज मुदत संपायच्या आत द्या आणि पोच घ्या. अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असं समजू नका, हातात आदेश नसेल तर त्या तारखेला गेटवर हजर व्हा. तातडीच्या पॅरोलला वाढ नाहीच. उशीर होणारच असेल तर दवाखान्याचा कागद घेऊन आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि नोंद करून घ्या. तारीख उलटली असेल तरी वकील शोधत बसू नका, त्याच दिवशी निघा.