राजस्थान: जानेवारीत कुरजां, चैत्रात सांगरी, श्रावणात बुंदी

आमच्याकडे राजस्थान म्हणजे दिवाळीची सुट्टी, नाहीतर डिसेंबरचा शेवटचा आठवडा. जयपूर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, वाळूत उंटावर एक फोटो आणि परत. मीही दोनदा तेच करून आलो. आमेरच्या किल्ल्यात निम्मं पुणं भेटलं. या खेपेस ठरवलं की एका दमात सगळं उरकायचं नाही. चार-पाच दिवसांच्या तीन फेऱ्या करायच्या आणि आधी महिना ठरवायचा, मग गाव.

पहिली फेरी जानेवारीत. मुंबईहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथून भाड्याच्या गाडीने फलोदी, साधारण १४० किलोमीटर. फलोदीपासून पाचेक किलोमीटरवर खीचन. पुण्याच्या घड्याळाने आम्ही साडेसहालाच गावात हजर, आणि बाहेर मिट्ट काळोख. तिथे जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, हे लक्षात ठेवा. आमचा एक तास कुडकुडण्यात गेला.

चुग्गाघर म्हणजे गावाच्या कडेला कुंपण घातलेलं मैदान. तिथे ज्वारी पसरून ठेवतात, आपली भाकरीची ज्वारी. मंगोलिया आणि मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येणाऱ्या क्रौंचांना हा दाणा घालायची प्रथा गावातल्या जैन व्यापारी घराण्यांनी वर्षानुवर्षं चालवली आहे. तिथले लोक या पक्ष्याला कुरजां म्हणतात. लोकगीतांत विरहिणी परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पाठवते तो हिच्याचकडून.

ऊन पडल्यावरही कुरजां लगेच उतरत नाहीत. पाऊणएक तास डोक्यावर नुसत्या घिरट्या आणि कुर्र-कुर्र असा एकसारखा कालवा. शेजारच्या घराच्या गच्चीवर परवानगी विचारून चढलो होतो. एक उतरली, मान वर करून चहूकडे बघत राहिली, मग दहा, आणि मग मैदानाची जमीन दिसेनाशी झाली. राखाडी अंग, काळा गळा, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुपका. एक कुत्रं कुंपणापाशी आलं तशी सगळी फौज एकदम उडाली, आणि त्या पंखांचा वारा गच्चीवर आम्हाला जाणवला. पोट भरलं की थवे गावाजवळच्या तळ्यांवर जातात, पाणी पितात, बारीक खडे गिळतात. दाणे पोटात दळायला ते लागतात. दहानंतर पोचलात तर मैदान रिकामं मिळेल, पण तळ्यावर नक्की भेट होते.

हंगाम सप्टेंबर ते मार्च, भरती डिसेंबर ते फेब्रुवारी. मुक्काम आदल्या रात्री फलोदीतच करा. ड्रोन नको, भडक कपडे नकोत. वाटाड्यापेक्षा दाण्यासाठी पैसे द्या. जून २०२५ मध्ये खीचनचं नाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लागलंय, तेव्हा गर्दी वाढायच्या आत उरका.

फलोदीहून नागौर गाडीने तीनेक तास. किल्ला चांगला राखलाय, पण मी तिथे गेलो ते ताऊसरसाठी. जोधपूरच्या गादीच्या भांडणात मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांनी नागौरला वेढा घातला होता. जुलै १७५५ मध्ये बोलणी करायच्या निमित्ताने छावणीत आलेल्या माणसांनी त्यांचा खून केला. त्यांची छत्री शहराजवळच्या या गावात आहे. रस्त्यात तीन जणांना ‘जयाप्पा’ विचारून पाहिलं, कुणाला काही कळेना. ‘मराठा छतरी’ म्हटल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी लगेच हात करून दिशा दाखवली. आजूबाजूला मेथीची शेतं. नागौरची पानमेथी, म्हणजे आपण ‘कसुरी’ म्हणून विकत घेतो तीच वाळवलेली मेथी. बाजारात सुटी मिळते. घ्या, पण बॅगेत दोन पिशव्या घालून बांधा. माझे सगळे शर्ट महिनाभर मेथीचा वास मारत होते.

तिथून चूरू जिल्ह्यात ताल छापर. सातेक चौरस किलोमीटरचं सपाट गवताळ रान आणि त्यात काळवीट, मोजायचा कंटाळा येईल इतके. मोत्यासारखे दाणे धरणारं मोथिया गवत हे त्यांचं खाणं. दोन नर शिंगात शिंग अडकवून गुडघे टेकून रेटारेटी करत होते, तर तिसरा शांतपणे कळप घेऊन निघून गेला. पहाटे पारा शून्याच्या आसपास होता. वनखात्याचं विश्रामगृह आधी आरक्षित करावं लागतं. आम्ही आळस केला आणि सुजानगढमध्ये एका लॉजवर थांबलो. ‘गीझर आहे’ म्हणाले होते, होताही; फक्त वीज नव्हती.

दुसरी फेरी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, बाडमेरला. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणजे घरच्यांचंही काही चुकलं नाही. पण मला ताजी सांगरी, म्हणजे खेजडीच्या झाडाची शेंग, खायची होती. आपल्याला हॉटेलात मिळते ती वाळवून पुन्हा भिजवलेली. चैत्र-वैशाखात खेजडीला कोवळ्या हिरव्या शेंगा लटकतात, आणि ताकात शिजवलेली त्यांची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली की वाळवलेल्या भाजीचं नाव काढवत नाही. ढाब्यावर मागून मिळायची नाही. ज्यांच्याकडे उतरलो त्या घरच्या काकूंनी करून घातली, म्हणून या दिवसांत हॉटेल सोडा आणि घरगुती मुक्काम शोधा.

बाडमेरपासून ३५-४० किलोमीटरवर किराडू. अकराव्या-बाराव्या शतकातली पाच देवळं, त्यातलं सोमेश्वर सगळ्यात शाबूत. सूर्यास्तानंतर थांबणारा माणूस दगड होतो अशी तिथली समजूत. मला विचाराल तर दुपारी बाराला थांबलात तरी तेच होईल. सकाळी साडेसहाला निघा, दहाला परत या, पाचपर्यंत पंख्याखाली पडून राहा. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखर आणि डोक्याला उपरणं. वाटेत दुकानं विरळ आहेत. लहान मुलं किंवा रक्तदाबाची माणसं बरोबर असतील तर ही फेरी सरळ गाळा.

तिसरी फेरी श्रावणात, हाडौतीला, म्हणजे कोटा-बुंदी-झालावाडच्या भागात, आणि यावेळी आई-बाबाही होते. मुंबई-दिल्ली मुख्य मार्गावर कोटा आहे, गाड्या भरपूर. स्टेशनबाहेर हिंगाचा घमघमाट सुटलेली कचोरी खाऊन तासाभरात बुंदी. डोंगर हिरवेगार, जैतसागर तळ्यात कमळं. बाबा म्हणाले, ‘हे वाळवंट कुठाय रे?’ राणीजी की बावडी ही पायऱ्यांची विहीर १६९९ मधली, ४६ मीटर खोल. कमानींवरचं कोरीवकाम बघायला सकाळचा तिरपा उजेड हवा. गढीतली चित्रशाला चुकवू नका. निळ्या-हिरव्या रंगातली ती भित्तिचित्रं बघत आई खाली बसली ती उठेचना. तारागढावर जाताना मात्र पायऱ्यांवर शेवाळ आणि माकडं, दोन्ही असतात. खाली काठी मिळते, ती माकडांसाठी असली तरी मला शेवाळावरच उपयोगी पडली.

बुंदीचा कजली तीजेचा सण बघायचा असेल तर कॅलेंडर नीट बघा. तिथे ती भाद्रपद कृष्ण तृतीया. आपल्या पंचांगात त्या दिवशी श्रावण वद्य तृतीया असते, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. आमच्या ओळखीतले एक जण आपला भाद्रपद धरून गेले आणि महिनाभर उशिरा पोचले.

कोटा-चित्तोड रस्त्यावर मेनाल आहे. जुनी शिवमंदिरं आणि लगतच खोल दरीत कोसळणारा धबधबा. ऑक्टोबरनंतर गेलात तर नुसता कडा बघाल. कठड्यापलीकडे जाऊ नका, खडक गुळगुळीत आहे.

शेवटी झालावाडजवळचा गागरोन. आहू आणि काली सिंध यांच्या संगमावरचा जलदुर्ग, तिन्ही बाजूंनी पाणी. राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तरी सगळ्या किल्ल्यात आमच्याखेरीज दोन कुटुंबं होती. संत पीपा इथलेच राजे. त्यांचा मठ संगमाजवळच आहे. पहिल्या दिवशी मात्र आम्ही किल्ल्यात गेलोच नाही. रात्रभर पाऊस झाला होता आणि किल्ल्याकडच्या पुलावरून पाणी चाललं होतं. ड्रायव्हर म्हणाले, ‘साहब, कल.’ बाबांना वाटत होतं की एवढ्याशा पाण्यातून गाडी जाईल. तेवढ्यात एक अख्खं बाभळीचं झाड समोरून वाहत गेलं आणि चर्चा संपली. झालावाडला एक मोकळा दिवस हाताशी ठेवाच, आणि परतीचं तिकीट त्यानंतरचं काढा. आमचं त्याच रात्रीचं होतं. ते रद्द करून दुसऱ्या दिवशी पोपटांच्या कलकलाटात किल्ला बघितला आणि तत्काळच्या वरच्या बर्थवर बाबांना चढवून पुण्याला आणलं.