सत्तेचाळीस नंबरचा खांब

सत्तेचाळीस नंबरच्या खांबाने आमचे अकरा आठवडे खाल्ले. विजेच्या खांबांवरून न्यायच्या आमच्या इंटरनेटच्या फायबर केबलची रिळं आणून ठेवलेली, माणसं तयार, अलीकडच्या-पलीकडच्या खांबांची परवानगी हातात. पण मधला एक खांब नाही म्हणजे पुढची सगळी वस्ती नाही.

विजेच्या खांबावर सगळ्यात वर विजेच्या तारा असतात. त्यांच्याखाली साधारण एक मीटर जागा मोकळी ठेवतात आणि तिच्याखाली फोन, टीव्ही, इंटरनेटच्या केबल येतात. ती मोकळी जागा पाहून नवख्याला वाटतं, बांधूया की इथेच! नाही. खालच्या केबलवर काम करणाऱ्याचं डोकं आणि हात विजेपासून लांब राहावेत म्हणून ती सोडलेली असते. खालूनही मर्यादा असते. केबलला झोल येतो, उन्हात तो वाढतो, आणि तरीही तिच्याखालून ट्रकला जाता आलं पाहिजे. उरलेल्या पट्ट्यात सगळ्यांची दाटी.

४७ वर एका जुन्या कंपनीची केबल बरोबर मधोमध बांधलेली होती. हातभर खाली घेतली की वर आमची बसत होती. काम अर्ध्या तासाचं, पण ज्याची केबल त्यानेच हलवायची. मी पत्रं लिहीत राहिलो, उत्तर येईना. मोठ्या कंपनीत या पाठपुराव्यासाठी वेगळा विभाग असतो. आम्ही तिघं. अर्ज लिहिणारा मीच, खांबावर चढणाराही मीच.

अमेरिकेत हे दुखणं इतकं वाढलं, की तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘वन टच मेक रेडी’ची वाट काढली. काम साधं असेल तर नव्याने येणाऱ्यानेच, आधी सूचना देऊन, मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून सगळ्यांच्या केबल एकाच फेरीत सरकवून घ्यायच्या. सहकारी आणि सरकारी मालकीचे खांब मात्र त्या नियमाबाहेर राहिले. मला हा नियम मनापासून योग्य वाटतो. एका खांबावर चार कंपन्या चार वेगळ्या दिवशी चढण्यात कुणाचंच भलं नाही.

आमचं कोडं शेवटी खांबमालकाच्या इंजिनिअर बाईंनी सोडवलं. मला आणि त्या जुन्या कंपनीला, दोघांनाही एकाच सकाळी खांबाखाली बोलावलं. पंचवीस मिनिटांत केबल खाली आली.

तेव्हापासून मी अर्ज करण्याआधी प्रत्येक खांबाखाली उभा राहतो. खांबाचा नंबर, प्रत्येक केबलची उंची, पुढच्या खांबापर्यंतचं अंतर, खांब कलला आहे का, बुडाशी कुजला आहे का. उंची मोजायची काठी दिसेल असा फोटो. वळणावरच्या खांबाला स्टे, म्हणजे त्याला उलट बाजूने जमिनीकडे ओढून धरणारी तार, आहे का, हे तर आधी बघतो, कारण तिथे सगळा ताण एका बाजूला येतो. फायबर हलकी असली तरी वारा लांबच्या लांब केबलला ढकलतोच. रस्ता खोदायची किंवा रेल्वेखालून जायची परवानगी वेगळ्या दारातून येते आणि फार वेळ घेते. ते अर्ज पहिल्याच दिवशी जातात.

पुढच्या टप्प्यात ११२ खांब आहेत. त्यातले नऊ सत्तेचाळिसाच्या जातीचे निघाले. त्यांचे अर्ज काल वेगळे काढून आधी दिले, प्रत्येकाबरोबर फोटो आणि कुणाची केबल किती सरकवायची याचं माप जोडून.